लेखणीचे तास

एक

लेखकाच्या दिनक्रमाविषयी बोलण्याची मराठीत एक ठरीव रीत आहे. लेखक पहाटे उठतो. फिरून येतो. खिडकीजवळच्या टेबलाशी बसतो. दुपारपर्यंत त्याची नेमाची पाने लिहून होतात आणि मग घरातून जेवणाची हाक येते. दिवाळी अंकांतल्या मुलाखती, सत्कारसमारंभातली भाषणे, लेखनप्रेरणेविषयीची टिपणे यांतून हे चित्र इतक्या वेळा आले आहे की ते लेखनाच्या व्याख्येतच जाऊन बसले आहे. हे चित्र खोटे आहे असे मी म्हणत नाही. काहींचे आयुष्य तसे गेलेही असेल. माझा आक्षेप असा की हे चित्र सर्वांचे म्हणून पुढे केले जाते, आणि ज्याच्या घराला खिडकीच नाही तो स्वतःला लेखक म्हणायला कचरतो.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. कविता लिहिणारी मुले-मुली वर्गात दरवर्षी निघतात. ती वही दाखवतात आणि हमखास विचारतात, ‘सर, लिहायला रोज किती वाजता बसावे?’ प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शिस्तीच्या पुस्तकात सापडत नाही. ते इतिहासात शोधावे लागते. कारण ‘किती वाजता’ याच्या आधी ‘कोणाच्या वेळात’ हा प्रश्न उभा असतो. वेळ, जागा, दिवा आणि कागद या चार गोष्टी ज्याच्या मालकीच्या आहेत त्याला सवयी लावून घेता येतात. ज्याच्या मालकीच्या नाहीत त्याला आधी त्या मिळवाव्या लागतात. दलित साहित्याचा इतिहास हा पुष्कळ अंशी या चार गोष्टी मिळवण्याचा इतिहास आहे. आपण विद्रोहाचा इतिहास लिहिला, वेदनेचा लिहिला. तासांचा इतिहास मात्र अजून नीट लिहिलेला नाही. त्याची काही सूत्रे येथे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन

सुरुवात महारवतनापासून करावी लागेल. वतन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बलुते, शिळी भाकरी, मेलेले ढोर येते. परंतु वतनाचा आणखी एक अर्थ होता, आणि तो म्हणजे माणसाच्या वेळेवर गावाची व सरकारची मालकी. वेसकराला वेशीवर जागायचे, तराळाला सांगावा घेऊन पळायचे, साऱ्याची रक्कम कचेरीत पोहोचवताना सोबतीला जायचे, गावात आलेल्या अंमलदाराच्या दिमतीला राहायचे. या कामाला सुरुवातीची घंटा नव्हती आणि शेवटचीही नव्हती. शेतमजुराचा दिवस निदान सूर्य मावळल्यावर संपत असे. वतनदाराचा दिवस संपतच नसे.

१८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ही व्यवस्था इंग्रजी अमदानीत अधिक पक्की केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. त्या वेळी त्यांनी तुटपुंज्या मोबदल्याइतकाच जोर कामाच्या अमर्यादपणावरही दिला होता. वतनदार घरी नसेल तर त्याच्या बापाला, भावाला, घरातल्या कोणालाही कामाला जुंपता येत असे. म्हणजे एका माणसाची नेमणूक आणि सबंध घराचा वेळ गहाण! ज्या घरातल्या मुलाला कोणत्याही क्षणी चावडीवरून हाक येऊ शकते त्या मुलाने अभ्यासाला ‘रोज’ बसायचे तरी कसे? ‘रोज’ या शब्दातच आपल्या वेळेवर आपला ताबा गृहीत धरलेला असतो. हे वतन कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. तोवर बाबासाहेब आपल्यात राहिले नव्हते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. दलितांना ज्ञानापासून दूर ठेवले ते धर्मशास्त्राच्या बंदीने, हे खरेच आहे. पण बंदी उठली तरी वेळ सुटला नव्हता. शाळेचा दरवाजा उघडला आणि हात मात्र गावकीला बांधलेला राहिला. बंदी दिसते, म्हणून तिच्याविरुद्ध लढे होतात. वेळेची लूट दिसत नाही, म्हणून ती मुकाट्याने चालू राहते.

तीन

ही लूट प्रथम कोणाला दिसली? माझ्या मते ती जोतीराव फुल्यांना दिसली. १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीरावांनी १८५५ साली रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्याला, मजुराला दिवसाच्या शाळेचा उपयोग नाही, हा साधा व्यवहार त्यामागे होता. परंतु या साध्या व्यवहारात एक मोठे तत्त्व दडलेले आहे. विद्येला यायचे असेल तर तिने राबणाऱ्याच्या वेळेला यावे. राबणाऱ्याने आपले पोट मारून विद्येच्या वेळेला यावे असे म्हणणे हा दुसऱ्या रूपातला नकारच होय.

त्याच १८५५ साली जोतीरावांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग जातीच्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांविषयी लिहिले. दलित स्त्रीच्या हाती लेखणी आली आणि तिने पहिल्याच निबंधात छपराचा प्रश्न विचारला, याला मी योगायोग मानत नाही. लिहिणाऱ्याला जागा लागते हे पुढे अनेकांनी सांगितले. मुक्ता सांगत होती की जन्म द्यायलाही जागा नाही.

जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी हाच धागा गिरणगावात नेला. ‘दीनबंधू’चे संपादन करणाऱ्या लोखंड्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि त्यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा आज आपल्याला पंचांगाइतका स्वाभाविक वाटतो. पण रविवार कोणी देऊ केलेला नाही, तो मिळवलेला आहे. त्यानंतर कामाचे तास कसे उतरत गेले ते पाहण्यासारखे आहे. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुष कामगाराच्या दिवसाला प्रथमच बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ साली आठवड्याला साठ तास झाले, १९३४ साली बारमाही कारखान्यांत चोपन्न, आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस. ही शेवटची दुरुस्ती घडवताना मजूर खात्याची सूत्रे बाबासाहेबांकडे होती. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते.

साहित्याचे इतिहासकार या कायद्यांची नोंद घेत नाहीत. त्यांच्या मते हा अर्थशास्त्राचा विषय. मला तो साहित्याचाही वाटतो. गिरणगावातले जलसे, पोवाडे, कलापथके, वाचनालये, भजनीमंडळे ही सारी कामगाराच्या उरलेल्या तासांत जन्माला आली. तास जितके उरले तितके साहित्य उगवले. आणि या उरलेल्या तासांतही जात होतीच. गिरणीतल्या विणखात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याने बाकीचे विटाळत. जास्त मजुरीचे खाते बंद, म्हणून कमी मजुरीचे काम. कमी मजुरी, म्हणून घरातल्या सर्वांनी राबायचे. आणि सर्व राबतात, म्हणून कोणाचाच वेळ मोकळा नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला तो यासाठीच.

चार

आता बाबासाहेबांच्या स्वतःच्या दिनक्रमाकडे येऊ. या दिनक्रमाविषयी आपण भक्तिभावाने खूप बोलतो, पण त्याच्या तपशिलाकडे मात्र क्वचितच पाहतो.

परळच्या डबक चाळीतली एक खोली. त्या एकाच खोलीत चूल, भांडी, सामान आणि सारे कुटुंब. अशा घरात मुलाला अभ्यासाला शांतता मिळायची कधी? सुभेदार रामजींनी यावर तोड काढली. मुलाने लवकर झोपायचे. बाप रात्री दोनपर्यंत जागा राहणार, दोनला मुलाला उठवणार आणि मग मुलाच्या जागेवर स्वतः आडवा होणार. अर्धी रात्र बापाची जाग, अर्धी मुलाची. या गोष्टीतून आपण मुलाची चिकाटी घेतो. मला त्यात बापाची योजना अधिक महत्त्वाची वाटते. घरात वेळ नव्हता, तेव्हा रामजींनी आपल्या झोपेतून तो कापून मुलाला दिला. जागा नव्हती, तेव्हा रात्रीच्या काळोखाची खोली केली.

पुढे लंडनला शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. येताना बोटीने पाठवलेले ग्रंथ व सामान, ती बोट पाणतीराने बुडाल्यामुळे समुद्रात गेले. बडोद्याला नोकरीवर रुजू झाल्यावर राहायला खोली मिळेना. पारशाच्या धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि तेथूनही बाहेर पडावे लागले. ज्याच्यापाशी कोलंबियाची पदवी आहे त्याला शहरात रात्रीपुरते छप्पर नाही! सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैसे साठवून, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेथे ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय उघडताना आत जायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे. मधल्या जेवणाचे पैसे वाचवायचे. या उपाशी तासांतून ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली बाहेर आला.

आणि १९२७ चे वर्ष पाहा. फेब्रुवारीत मुंबई कायदे कौन्सिलात नेमणूक. मार्चमध्ये महाडचे चवदार तळे. ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारता’चा पहिला अंक. याच काळात वकिली, एका खाजगी संस्थेत शिकवणे, बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम, आणि परळला दामोदर हॉलमधल्या कचेरीत गाऱ्हाणी घेऊन येणारी माणसे. राहायला पोयबावडीच्या चाळीतल्या दोन खोल्या. पत्राला पगारी लेखक नव्हते. अंकाचे बहुतेक रकाने संपादकालाच भरून काढावे लागत. म्हणजे ज्यांना आज आपण मराठी वैचारिक गद्याचे उत्तम नमुने म्हणून शिकवतो, ते अग्रलेख न्यायालय, सभा आणि गाऱ्हाणी यांच्या मधल्या फटीत लिहिलेले आहेत. दिवसाचा मालक समाज होता, रात्र तेवढी लेखणीची होती.

शेवटच्या रात्रीची हकीकत सर्वश्रुत आहे. ५ डिसेंबर १९५६. दिल्ली, २६ अलीपूर रोड. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाची प्रस्तावना व परिचय तपासण्यासाठी त्यांनी उशाशी ठेवायला सांगितले. ती टंकलिखित पाने नानकचंद रत्तूंनी आणून ठेवली. हे रत्तू दिवसभर सरकारी कचेरीत नोकरी करत आणि संध्याकाळी येऊन बाबासाहेबांचे हस्तलिखित टंकलिखित करत. हा थोर ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला, त्यामागे एका कारकुनाच्या नोकरीनंतरच्या संध्याकाळी उभ्या आहेत. आपण ग्रंथाला वंदन करतो तेव्हा त्या संध्याकाळींचीही आठवण ठेवली पाहिजे.

बाबासाहेबांच्या मागे राहिलेल्या अप्रकाशित, अपुऱ्या हस्तलिखितांची संख्या मोठी आहे. वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून ती लेखनखंडांतून छापली. खंड चाळताना कोठे प्रकरण तुटलेले दिसते, कोठे नुसते शीर्षक. एवढ्या कामाच्या माणसालासुद्धा वेळ पुरला नाही, याचा तो छापील पुरावा आहे.

पाच

बाबासाहेबांच्या जयंतीला अनेक महाविद्यालयांत ‘सलग अठरा तास अभ्यास’ हा उपक्रम होतो. मुले भल्या पहाटे येतात, रात्रीपर्यंत बसतात. त्यांचा उत्साह मी पाहिलेला आहे आणि त्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण आकडा उचलताना आपण त्याचा अर्थ मागे सोडत आहोत, असे मला वाटते. अठरा तास कोणाचे? त्या अठरा तासांत चूल कोणी पेटवली? पाणी कोणी भरले?

हा प्रश्न बाबासाहेबांनी स्वतःला विचारलेला आहे. ‘बहिष्कृत भारता’तल्या एका लेखात त्यांनी आपल्या पत्नीविषयी लिहिले. आपण परदेशी असताना तिने प्रपंच वाहिला, हलाखीत शेणाचे भारे डोक्यावरून वाहून आणले, आणि परत आल्यावरही दिवसाच्या चोवीस तासांतला अर्धा तास आपण तिला देऊ शकलो नाही, असा त्याचा आशय आहे. चळवळीच्या हिशेबात त्यांनी रमाईचे तास मांडले. १९२० च्या दशकातल्या किती मराठी लेखकांनी आपल्या लेखनाचा असा हिशेब दिला आहे?

दिला नाही, कारण त्यांना तो दिसलाच नाही. आणि खेदाने म्हणावे लागते की पुढे आपल्यालाही तो दिसेनासा झाला. दलित साहित्याच्या पहिल्या बहरात १९६३ साली बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आला, १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. स्त्रियांची आत्मकथने ग्रंथरूपाने यायला १९८० चे दशक उजाडले. १९८६ साली बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि शांताबाई कांबळे यांची ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ प्रसिद्ध झाली. मधल्या काळात त्या लिहीत नव्हत्या काय?

बेबीताईंची हकीकत त्यांनीच सांगून ठेवली आहे. फलटणला त्यांचे छोटे किराणा दुकान होते. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतून त्या वाचत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत. लिहिलेले घरातल्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून अडगळीत लपवून ठेवत. असे वीस वर्षे! फलटणला राहणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांना त्यांच्या लेखनाचा सुगावा लागला आणि त्यांनी भरीस घातल्यावर ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः बाहेर आले. शांताबाई शिक्षिका होत्या. त्यांनी लिहायला घेतले ते नोकरीतून निवृत्त झाल्यावर. म्हणजे एकीने दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये लिहिले आणि दुसरीने नोकरी व संसार दोन्ही उरकल्यावर लिहिले. उर्मिला पवारांनी ‘आयदान’मध्ये आपल्या आईचे सूप-टोपल्या विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच मानली. हे मला फार खरे वाटते. आयदान विणणाऱ्या बाईचा हात कधी थांबत नाही, पण त्या हाताला ‘कारागीर’ म्हणायला कोणी तयार नसते.

गावकीने महाराचा वेळ घेतला याविरुद्ध आपण बंड केले. घरातल्या बाईचा वेळ आपण घेतो, तो कोणत्या वतनाच्या हक्काने? हा प्रश्न चळवळीला झोंबणारा आहे, म्हणूनच विचारायला हवा.

सहा

तासांचा हा इतिहास वाङ्मयप्रकारांशी जोडून पाहिला तर आणखी काही गोष्टी उजेडात येतात.

अण्णा भाऊ साठे १९२० साली वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मले. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले. घरच्यांबरोबर चालत मुंबईला आले, मिळेल ते काम केले, गिरणीत राबले, अक्षरे आपली आपण शिकले. पुढे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांचा मुक्काम होता. १९४४ साली अमर शेख, गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. कलापथकातल्या शाहिराला लहर लागेपर्यंत थांबून भागत नाही. संध्याकाळी मैदानात माणसे जमणार, संप चालू असणार, तर गाणे तोवर तयार असलेच पाहिजे. अण्णा भाऊंच्या लेखणीला वेग आला तो या मैदानातून. त्याच लेखणीने पुढे तीसच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ सालची ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लढाऊ लेखणीला अर्पण केली. ध्यानात घ्या, अर्पण लेखणीला आहे. लेखणी ही किती कष्टांनी हाती येते हे ज्याला ठाऊक होते त्याचे ते अर्पण आहे.

वामनदादा कर्डकांनाही अक्षरओळख मोठेपणी झाली. १९४३ च्या सुमारास त्यांनी गाणी रचायला सुरुवात केली आणि ती गावोगावच्या कंठांत जाऊन बसली. गाण्याला टेबल लागत नाही. कामावर जाता-येता ते मनात रचता येते, डोक्यात साठवता येते, संध्याकाळी चार माणसांत म्हणून पारखता येते. कवितेचेही थोडेफार तसेच. तिच्यासाठी सलग सहा महिने कोणी मागत नाही. आपल्या साहित्यात गाणे, कविता, कथा आणि आत्मकथन यांचा भर राहिला, मोठा संशोधनग्रंथ व बृहद् कादंबरी तुलनेने कमी राहिली, याचे एक कारण येथे आहे. तेच एकमेव कारण असे मी म्हणत नाही. आत्मकथनामागे साक्ष देण्याची निकड होती, गाण्यामागे जलशाची परंपरा होती. परंतु समीक्षक जेव्हा म्हणतात की दलित लेखक आत्मकथनापलीकडे जात नाही, तेव्हा त्यांनी एवढे तरी विचारावे: पलीकडे जायला लागणारी सलग दोन वर्षे त्याला कोणी दिली होती?

याउलट दुसऱ्या टोकाला जाण्याचाही धोका आहे. फाटक्या कागदावर, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात, उपाशीपोटी लिहिले म्हणून साहित्य कसदार झाले, असे म्हणणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. हा गौरव ऐकायला गोड असतो, पण तो घातक आहे. उपासमारीने कोणी लेखक होत नाही. उपासमारीत जे संपून गेले त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. बेबीताईंच्या लपवलेल्या वह्या सापडल्या म्हणून आपण धन्य झालो. किती वह्या चुलीत गेल्या असतील? अभावाचे सौंदर्यशास्त्र उभे करणे म्हणजे अभाव टिकवण्याला हातभार लावणे होय.

सात

मग करायचे काय? येथेही इतिहासच वाट दाखवतो.

बाबासाहेबांनी विद्यार्थ्यांना कष्टाचा उपदेश केला हे खरे. पण ते उपदेश करून थांबले नाहीत. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह सुरू केले. डबक चाळीत जे एका बापाने आपली झोप मोडून केले ते आता संस्थेने करायचे होते. मुलाला जागा द्यायची, दिवा द्यायचा, दोन वेळचे अन्न द्यायचे, आणि या तिन्हींमुळे वेळ द्यायचा. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले तेव्हा त्याचे वर्ग सकाळी भरत, कारण नोकरी करणाऱ्या मुलांनी वर्ग आटोपून कामावर जायचे होते. जोतीरावांनी विद्येला रात्री बोलावले, बाबासाहेबांनी तिला सकाळी बोलावले. तत्त्व एकच, की विद्येने राबणाऱ्याच्या वेळेला यावे.

१९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. मराठवाड्याच्या खेड्यांतून मुले वसतिगृहात आली. त्यांना आयुष्यात प्रथमच अशी रात्र मिळाली की जिच्यात कोणी हाक मारणार नव्हते. त्याच परिसरात म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारखे प्राध्यापक होते. १९६७ साली तेथून ‘अस्मिता’ निघाले आणि पुढे ते ‘अस्मितादर्श’ झाले. दलित साहित्याच्या उदयाची कारणे सांगताना आपण प्रेरणा सांगतो, धर्मांतर सांगतो, शिक्षण सांगतो. त्यात वसतिगृहाची खोली धरली पाहिजे. प्रेरणेला टेकायला भिंत लागते.

आजची स्थिती काय आहे? माझ्या वर्गातली काही मुले घरपोच डबे आणि पार्सले पोहोचवण्याचे काम करतात. मोबाईल वाजला की निघायचे, वर्गातूनही, अभ्यासिकेतूनही. त्यांच्या मालकाला चेहरा नाही आणि कामाला तास नाहीत. हे वतन नव्हे, कारण हे काम जन्माने लादलेले नाही आणि सोडता येते. पण कोणत्याही क्षणी येणाऱ्या हाकेला बांधलेला माणूस पाहिला की वेशीवरचा वेसकर आठवल्याशिवाय राहत नाही. तालुक्याच्या गावी पैसे भरून बसायच्या अभ्यासिका निघाल्या आहेत. तेथे शांतता तासांच्या भावाने विकत मिळते. शिष्यवृत्ती वेळेवर हातात पडेलच असा भरवसा नाही. आणि मुलींना? वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या मुलीची संध्याकाळ आजही चुलीपाशीच जाते.

म्हणून ‘रोज किती वाजता बसावे’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला माझे उत्तर दुहेरी असते. पहिले उत्तर त्याच्यापुरते. जो वेळ तुझा आहे तो ओळख, मग तो दोन गिऱ्हाइकांमधला का असेना, आणि त्याला घट्ट धर. वही जवळ ठेव. गाडीची वाट पाहताना लिही. सुचलेले उद्यावर टाकू नकोस, कारण उद्या तुझा असेलच असे नाही. लिहून झालेले पुन्हा वाच, कारण घाईने लिहावे लागले तरी घाईने छापावे लागत नाही. बाबासाहेब अखेरच्या रात्रीही प्रस्तावना तपासायला घेऊन बसले होते, हे लक्षात ठेव.

दुसरे उत्तर आपल्या सर्वांसाठी आहे, आणि ते विद्यार्थ्यावर सोडून चालणार नाही. वस्तीतल्या समाजमंदिराला रात्री अकरापर्यंत दिवा आणि उघडे दार मिळवून देणे, हे साहित्याचे काम आहे. मुलींना संध्याकाळी दोन तास अभ्यासिकेत बसता यावे म्हणून त्यांच्या घरी जाऊन बोलणे, हे साहित्याचे काम आहे. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा कागदाला आणि पुस्तकांना काढून ठेवणे, शिष्यवृत्तीसाठी कचेरीत ठाण मांडून बसणे, आपल्या घरातल्या बाईला ‘तू तुझे लिही, आज भाकरी मी थापतो’ असे म्हणणे आणि खरोखरच थापणे, हीसुद्धा साहित्याचीच कामे आहेत. संमेलने भरवायला आपण खूप शिकलो. लिहायला बसता येईल अशा खोल्या उभारायला अजून शिकायचे आहे.

वतनाचे तास गेले, गिरणीचे तास उतरले. ते आपोआप उतरले नाहीत, कोणीतरी लढून उतरवले. लेखणीचे तासही तसेच मिळवावे लागतील.